काट्यावरच्या वह्या

गेले काही महिने इथे बडोद्याच्या वाड्यांच्या, ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यांच्या, हैदराबादच्या निजामी नोकऱ्यांच्या आठवणी वाचतोय. फार छान लिहिता सगळे. आमच्याकडे ना वाडा, ना सनद. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, दोन शेतं आणि थोडं कुळागर राखून असलेले. माझ्याकडे आहे तो निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांचा एक गठ्ठा. १९७९ ते २०१२ अशी तेहतीस वर्षं मी एका लोहखनिजाच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून होतो. कंपनीची रजिस्टरं कंपनीकडेच राहिली. या वह्या माझ्या स्वतःच्या. रोज किती ट्रक गेले, पहिला किती वाजता, शेवटचा किती वाजता, एवढंच त्यात. का लिहीत होतो, ते सांगता येणार नाही. सवय लागली.

बाहेरच्या मंडळींना गोवा म्हणजे समुद्र. पण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या आतल्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्या समुद्रावर नाही, लाल मातीवर जगल्या. त्या मातीची गोष्ट आमच्या घरातून जशी दिसली तशी सांगतो.

खाणीचे परवाने पोर्तुगिजांच्या वेळचे. १९०६ साली त्यांनी खाणींचा कायदा केला आणि त्याखाली जे पट्टे दिले ते कायमचे. मुदतच नाही. ज्याच्या नावावर पट्टा तो आणि त्याचे वारस, जमीन असेपर्यंत. सुरुवातीची कित्येक वर्षं हे कागद नुसते पेटीत पडून होते, कारण माल घेणार कोण? १९४७ च्या सुमाराला नमुन्यादाखल थोडं खनिज बाहेर गेलं. पुढे जपान उभा राहू लागला, त्याला पोलाद हवं होतं आणि त्याच्याकडे स्वतःचं लोखंड नव्हतं. मग एकदम दार उघडलं. १९५० साली वर्षाचा सगळा माल लाख टनाच्या आत होता, मुक्तीच्या वेळेपर्यंत तो साठ लाख टनांच्या आसपास पोचला. जपानी कारखान्यांनी मालाच्या बदल्यात यंत्रं दिली. त्याआधी व्यापार-उदीम करणारी गोव्यातली घराणी या दहा वर्षांत खाणमालक झाली.

आमचे आजोबा १९५१ साली खाणीवर लागले. तेव्हा यंत्र सगळीकडे नव्हतं. सबल, घण, फावडं आणि बायकांच्या डोक्यावर पाट्या. सावंतवाडीकडचे, कारवारकडचे मजूर येऊन झोपड्या घालून राहत. आजोबांना सुरुवातीला हे सगळं हसण्यावारी वाटलं होतं. आमची आजी त्यांची नक्कल करून सांगायची, "मातयेक पयशे दितात, पिशे जाल्यात काय कितें हे?" मातीला पैसे देतात, वेडेबिडे झालेत की काय. पण शनिवारी हातात रोकड यायची. भाटकाराच्या शेतात वर्षभर राबून भात मिळायचं, रोकड कधी दिसायची नाही. हा फरक ज्याने अनुभवला त्याला खाणीला नावं ठेवणं जमत नाही, आजही नाही. ते मी इथेच सांगून टाकतो.

१९५५ च्या आसपास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. घाटावरून येणारा माल बंद. बाजारात हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ आला. हॉलंडचे बटाटे आजीने खाल्ले होते, त्याची तिला फार मिजास होती! ही चैन परवडायची ती बऱ्याच अंशी आमच्या डोंगरातून निघणाऱ्या मातीमुळे, हे मात्र मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळलं. म्हणजे ज्या पोर्तुगिजांना घालवायला लोक तुरुंगात जात होते, त्यांचं राज्य तगवायला आजोबांची पाटी हातभार लावत होती. आजोबांना हे कोणी सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांची मजुरी आधी रुपियात मिळायची, १९५९ पासून एस्कुदोत आणि मुक्तीनंतर आपल्या रुपयात. तीन नाणी बदलली, काम तेच.

एक गोष्ट इथे समजून घ्या, पुढे लागेल. आमच्याकडे एक टन खनिज काढायला दोन-तीन टन वरची माती काढून टाकावी लागते. ती कुठेतरी ओतायची. तिचा डोंगर होतो, त्याला आम्ही डंप म्हणतो. त्या काळी हलक्या प्रतीचं खनिजही कोणी घेत नसे, तेही डंपावर जायचं. आजोबांच्या खाणीचा डंप आमच्या देवळामागे वाढत गेला. त्यावर पुढे काजूची झाडं आली, करवंदं आली. आम्ही पोरं त्याला आजोबांचा डोंगर म्हणायचो. आमच्या लेखी तो खरा डोंगरच होता.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६३ साली पहिली निवडणूक झाली आणि मुख्यमंत्री झाले भाऊसाहेब बांदोडकर. ते स्वतः खाणमालक. त्यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, मीही त्यातल्याच एका शाळेत शिकलो. आमच्या गावी दुपारच्या बसने ‘गोमन्तक’ यायचा. १९६२ साली सुरू झालेलं हे दैनिक चौगुल्यांचं, पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पुढे १९७० साली ‘नवप्रभा’ आली, ती धेंप्यांची. दोन्ही घराणी खाणीतली. पणजीचं धेंपे कॉलेज आणि मडगावचं चौगुले कॉलेज, दोन्ही १९६२ ची. गोव्यात मराठी टिकली ती कीर्तनं, नाटकं आणि देवळातल्या पोथ्यांवर, हे खरंच आहे. पण छापखाना, कागद आणि संपादकाचा पगार लोखंडावर चालत होता, हेही तितकंच खरं आहे. आपल्या भाषेचा इतिहास लिहिताना हे वाक्य बहुतेक ठिकाणी गाळलेलं दिसतं, म्हणून मी लिहिलं.

मी काट्यावर लागलो तो १९७९ चा हंगाम. त्याच वर्षी मुरगाव बंदरात खनिज चढवायचा यांत्रिक धक्का सुरू झाला, त्यामुळे वरून मालाची घाई होती. काम सोपं. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं. भरून आला की पुन्हा वजन. त्यातून रिकाम्याचं वजा केलं की माल. पावती फाडायची, ड्रायव्हरची सही, पुढचा. ट्रक तिथून सारमानसच्या जेटीवर जायचा, जेटीवरून माल बार्जमध्ये, बार्ज मांडवीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादची मांडवीची तोंडाची वाट बंद झाली की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचे. नकाशा काढून बघा, देवाने हा कालवा जणू खाणवाल्यांसाठीच करून ठेवला होता. भारतात बाकी ठिकाणी खनिज रेल्वेने शेकडो किलोमीटर जातं, आमचं बहुतेक नदीने. म्हणून आमचा हलका मालही परदेशात परवडत होता. गोव्याच्या खाणींचं गणित डोंगरात कमी आणि नद्यांत जास्त होतं, असं आमचे वरचे साहेब म्हणायचे. बरोबर म्हणायचे.

माझ्या पहिल्या वहीत एका दिवसाच्या नोंदी एका पानात मावतात. २००९ च्या वहीत एका दिवसाला सहा-सहा पानं लागलीत.

मधल्या काळात खाणी खोल गेल्या होत्या. वरची माती संपली की खड्डा खाली जातो आणि आमच्याकडे खाली गेलं की पाणी लागतं. खाण चालवायची तर ते पाणी रात्रंदिवस पंपाने उपसून ओढ्यात सोडावं लागतं. खड्डा कोरडा राहतो आणि आजूबाजूच्या विहिरी खड्ड्याकडे झिरपायला लागतात. मोठं शास्त्र नाही, शाळकरी पोराला समजेल. उपसलेलं पाणी लाल, ते शेतात शिरलं की वर गाळाचा थर बसतो. आमच्या बाबांची वायंगणाची शेती होती, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर केलेलं दुसरं पीक. आधी खालचं शेत गाळाने गेलं, कंपनीने नुकसानभरपाई दिली. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिली. नंतर दरवर्षी शेत न करताच भरपाई मिळायला लागली आणि बाबांनी जोत विकलं. ते कधी तक्रार करत नव्हते. फक्त चतुर्थीला नवं भात देवापुढे ठेवायला शेजारच्या गावातून आणायचे आणि त्या दिवशी जेवताना गप्प असायचे.

आमच्या जवळचं शिरगाव तुम्हाला लईराई देवीच्या जत्रेमुळे ठाऊक असेल, वैशाखात धोंड निखाऱ्यांवरून चालतात ते. त्या गावाच्या भोवती खाणी. विहिरी आटल्याची तक्रार घेऊन तिथले लोक उच्च न्यायालयात गेले. आम्ही पेपरात वाचत होतो. काट्यावर त्यावर बोलणं होत नसे.

मग चीन आला. २००३-०४ पासून भाव चढू लागले आणि पूर्वी जो हलका माल कोणी विचारत नव्हतं तोही बोटीत चढू लागला. २०१०-११ मध्ये गोव्यातून जवळपास पाच कोटी टन खनिज बाहेर गेलं, त्यात थोडं कर्नाटकचंही. साठ लाखांचा आकडा आठवा. माल कमी पडायला लागला तेव्हा लोकांना डंप आठवले. जुन्या लोकांनी टाकाऊ म्हणून फेकलेलं खनिज आता विकण्याजोगं झालं होतं. २००८ च्या दिवाळीनंतर आमच्या देवळामागे मशीन आलं. काजू गेले, करवंदं गेली आणि आजोबांचा डोंगर दोन हंगामांत माझ्या काट्यावरून गेला. पावत्या मीच फाडल्या. माझ्या वडिलांच्या वडिलांनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी डोक्यावरून वाहून जो फेकला, तोच माल. घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

हसण्याचं कारण होतं. २००५ साली माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून टिपर घेतला होता. गावात ज्याला त्याला ट्रक हवा होता आणि बँका दारात येऊन कर्ज देत होत्या. नोकरी नसलेला मुलगा दहा टनांचा ट्रक घेऊन दोन वर्षांत स्लॅबचं घर बांधायचा. रस्त्यावर सकाळपासून ट्रकांची रांग, शाळेच्या पोरांना जागा नाही, घरातल्या भांड्यांवर लाल थर, आंब्याच्या मोहोरावर लाल थर. अपघात व्हायचे. पण ट्रक कुणाचे? कंपनीचे थोडे. बाकी आमचेच. भावाचा ट्रक अंगणात उभा असायचा, विहिरीपासून पंधरा पावलांवर.

ती विहीर पणजोबांनी खणलेली. २००९ च्या एप्रिलात तिचा तळ दिसला. मी उभ्या आयुष्यात तो पाहिला नव्हता, बाबांनीही नाही. बाबा काठावर बसून बराच वेळ आत बघत राहिले. नंतर म्हणाले, "खाली पायऱ्या आहेत रे, मला माहीतच नव्हतं." मग टँकर सुरू झाला. टँकर कंपनी पाठवायची, फुकट.

त्या मे महिन्यात वाड्यावरची चार मुलं एक अर्ज घेऊन घरोघर फिरली. पंप रात्रीचे बंद ठेवा, विहिरींची पाहणी करा, अशा साध्या मागण्या होत्या. त्यातला एक माझा विद्यार्थी म्हणावा असा, मी त्याची शिकवणी घेतली होती. "काका, तुम्ही सही केली तर बाकीचे करतील, तुम्हाला आतलं सगळं माहीत आहे." मी म्हटलं, घरात विचारून सांगतो. घरात विचारण्यासारखं काही नव्हतं. भावाच्या ट्रकाचे तीन वर्षांचे हप्ते राहिले होते आणि कंपनी ज्याच्या घरची सही दिसेल त्याच्या ट्रकाला फेऱ्या कमी देते असं बोललं जायचं. प्रत्यक्षात देत होती की नाही, मला काट्यावर बसूनही कधी कळलं नाही. बोललं जायचं तेवढं पुरेसं होतं. मी सही केली नाही. बाबांनी केली. थरथरत्या हाताने, मोडीत. त्या सहीवरून भाऊ त्यांच्याशी महिनाभर बोलला नाही. माझ्यावर मात्र कोणीच रागावलं नाही, मुलंही नाहीत. अर्जाचं पुढे काही झालं नाही.

बाबा २०११ च्या जूनमध्ये गेले. विहिरीला तेव्हा पावसाचं पाणी आलं होतं. अंत्यविधीला टँकर लागला नाही, एवढंच.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला. सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा त्यात होता. तीन दिवसांनी, १० सप्टेंबरला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. पावसात ट्रक तसेही उभेच असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही. माटोळी बांधली, आरत्या झाल्या. दसऱ्याला ट्रकांना हार घातले, पूजा केली. फेरी मात्र सुरू झाली नाही. दिवाळीच्या सुमाराला बँकेची पत्रं यायला लागली. काट्यावरच्या आम्हा कारकुनांना काही महिने अर्धा पगार मिळाला, मग तोही थांबला. मी पंचावन्न वर्षांचा होतो.

खरा धक्का मला बंदीने बसला नाही. तो बसला २१ एप्रिल २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मगाशी सांगितलं ते पोर्तुगीज पट्टे कायमचे होते. १९८७ साली संसदेने कायदा करून त्यांची लीज केली, आणि न्यायालयाने सांगितलं की या सगळ्या लीज २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्या होत्या. त्यानंतरचं खाणकाम कायद्याला धरून नव्हतं. त्या रात्री मी वह्या काढल्या आणि २२ नोव्हेंबर २००७ चं पान शोधलं. गुरुवार होता. पहिला ट्रक सकाळी सहा चाळीसला, आणि पुढची पानं नेहमीसारखीच माझ्या अक्षरात भरलेली. तिथपासून शेवटच्या वहीपर्यंतची प्रत्येक ओळ, आजोबांच्या डोंगराची प्रत्येक पावती, ज्याची मुदत संपली होती अशा जमिनीतून निघालेल्या मालाची. मला कोणी विचारायला आलं नाही. कारकुनाला कोण विचारतं? सही मात्र माझी आहे.

मधल्या काळात सरकारने ट्रकमालकांना मदतीच्या, कर्जफेडीच्या योजना काढल्या. ८८ लीजांचं नूतनीकरण झालं आणि थोडे दिवस ट्रक फिरले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तेही रद्द केलं. मार्चात पुन्हा सगळं बंद. तेव्हा पणजीत मोठं आंदोलन झालं, मांडवी पुलावर वाहतूक अडली. भाऊ त्यात होता. आमच्याकडचे पेपर दोन शब्द वापरतात, खाणव्याप्त आणि खाण अवलंबित. पहिला ज्यांचं शेत-पाणी गेलं त्यांच्यासाठी, दुसरा ज्यांची रोजी गेली त्यांच्यासाठी. वाचणाऱ्याला वाटावं की या दोन जाती आहेत आणि समोरासमोर उभ्या आहेत. आमच्या घरात दोन्ही एकाच चुलीवर जेवत होते.

भावाचा टिपर २०१९ साली भंगारात गेला. लोखंड म्हणून वजनावर. डिचोलीच्या भंगारवाल्याचा काटा बघायला मी मुद्दाम गेलो होतो. ताव दोन किलो कमी दाखवत होता, सवयीने लक्षात आलं, बोललो नाही.

पंप बंद झाल्यावर खड्डा भरला. आता तिथे हिरवं, खोल, शांत पाणी आहे. पर्यटक फोटो काढतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी राहिलं. पायऱ्या पुन्हा बुडाल्या. भावजय रोज कळशी सोडते तेव्हा मला बाबांचं वाक्य आठवतं. भाऊ त्या विहिरीचं पाणी पितो, पण विहिरीबद्दल बोलत नाही. त्याचा मुलगा वेर्ण्याच्या औषधाच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, येण्याजाण्यात तीन तास जातात.

२०२२ च्या डिसेंबरात पट्ट्यांचा लिलाव सुरू झाला, त्यात पहिला पट्टा डिचोलीचाच. २०२४ पासून तिथलं काम पुन्हा सुरू झालंय. आमच्या गावाचा खड्डा अजून भरलेलाच आहे, पण मोजणीवाले दोनदा येऊन गेले. गेल्या महिन्यात पुतण्याने विचारलं, "काका, ट्रक घ्यायचा असेल तर आताच नाव द्यावं लागेल म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?" मी त्याला २००९ ची वही दिली आणि एप्रिल-मे वाचायला सांगितलं. त्या दोन महिन्यांत दिवसाला किती ट्रक गेले ते आहे. मार्जिनमध्ये मी पेन्सिलीने टँकर कधी आला तेही लिहून ठेवलं होतं, हे मलाही तेव्हाच दिसलं. वही अजून त्याच्याकडेच आहे. त्याने नाव दिलं की नाही, मी विचारलेलं नाही.

एक विनंती. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागातल्या कोणाच्या घरी पन्नासच्या दशकातली मजुरीची चिठ्ठी, हजेरीपट किंवा पाटी घेतलेल्या बायकांचा फोटो असेल तर मला कळवा. खाणमालकांचे फोटो पुष्कळ मिळतात. आमच्या आजीचा खाणीवरचा एकही नाही, आणि ती सहा वर्षं पाटी वाहत होती.